रस्ता उकरण्याआधी एकदा आमच्याबरोबर चाला

पुण्याच्या नगरसेविका आणि नगरसेवकांना खुले पत्र

सन्माननीय लोकप्रतिनिधी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या रस्त्यावर दोन तरुण मुले टेप आणि वही घेऊन आली. या कडेपासून त्या कडेपर्यंत मापे घेतली, पदपथाच्या कडेला लाल रंगाने काही आकडे लिहिले आणि निघाली. मी दुकानातून उठून विचारले तेव्हा कळले, रस्त्याची पुनर्रचना व्हायची आहे. पदपथ रुंद होतील, नव्या फरश्या बसतील, नवे दिवे येतील. ऐकून खरेच बरे वाटले. पण ते आकडे तेव्हापासून रोज माझ्या डोळ्यांसमोर आहेत, आणि त्यांच्याकडे बघतच हे पत्र लिहिते आहे.

रस्त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. असा एक तरी रस्ता तुमच्या प्रत्येकाच्या प्रभागात आहे. दोन्ही बाजूंना दुकाने, वर बिऱ्हाडे, मध्यावर शाळा, कोपऱ्यावर गणपतीचे मंडळ, समोर रिक्षा स्टँड आणि चार जुने कडुनिंब. या रस्त्यावर माझे औषधाचे दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर घर. गेली 27 वर्षे माझी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून आहे. गिऱ्हाईक नसते तेव्हा मी रस्ता बघते. एवढ्या वर्षांत तो थोडाफार कळला आहे, असे म्हणायला हरकत नसावी.

पहाटे पाचला दुधाचा टेम्पो येतो. क्रेट उतरवायला त्याला दहा मिनिटे लागतात आणि तो दर वेळी त्याच जागी थांबतो, कारण तिथेच पदपथाचा दगड खचून उतार झाला आहे आणि हातगाडी वर चढते. सहाच्या सुमाराला पहिल्या कडुनिंबाखाली फुलवाली मावशी बसतात. त्यांच्या पाठीला झाडाचा बुंधा असतो आणि पुढ्यात ओले गोणपाट. सातच्या आधी शाळेच्या रिक्षा येतात. त्या वेळी वीस मिनिटे हा रस्ता फक्त मुलांचा असतो. आठ-साडेआठला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या दोघी जणी आपली ढकलगाडी घेऊन शेवटच्या झाडाच्या सावलीत येतात आणि घरोघरचा कचरा तिथेच निवडतात. प्लास्टिक एका पोत्यात, कागद दुसऱ्या पोत्यात, काच बाजूला. त्यांना लागते ती जेमतेम एका खाटेएवढी जागा, पण ती सावलीत हवी, नळाजवळ हवी आणि कोणाच्या दाराशी नको. अशी जागा या सबंध रस्त्यावर एकच आहे आणि ती त्यांनी स्वतः शोधून काढली आहे.

माझ्याकडे येणाऱ्यांत गुडघ्यांच्या गोळ्या घेणारे पुष्कळ. ही म्हातारी माणसे रस्त्यावरून पदपथावर कशी चढतात ते मी रोज पाहते. पदपथाचा कठडा, म्हणजे कडेची पायरी, नडगीएवढा उंच आहे. आधी काठी वर ठेवायची, मग एक हात विजेच्या खांबाला लावायचा, मग चांगला पाय वर घ्यायचा आणि दुखरा पाय मागून ओढायचा. बरे, वर चढून दहा पावले गेले की इमारतीचे फाटक येते, तिथे पुन्हा खाली उतरायचे. म्हणून ती पदपथावर चढतच नाहीत, उभ्या गाड्यांच्या बाहेरून, धावत्या वाहनांच्या बाजूने चालतात. आपल्याकडे म्हणतात ना, लोकांना शिस्त नाही, पदपथ असून रस्त्यावर चालतात. त्या म्हाताऱ्या माणसांपाशी शिस्त भरपूर आहे, गुडघे नाहीत. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रोड काँग्रेसच्या मानकात हे सगळे आधीच लिहिलेले आहे. कठडा 150 मिलिमीटरपेक्षा उंच नसावा आणि चालायला निदान 1.8 मीटर मोकळी वाट असावी, म्हणजे खांब, झाड, विजेची डीपी पेटी हे सगळे वगळून. पुणे महापालिकेनेही 2016 मध्ये शहरातल्या रस्त्यांच्या आराखड्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि पादचारी धोरण केले. ही कागदपत्रे चांगली आहेत. पण काठी टेकून चढणारा माणूस दिवसातून किती वेळा, कुठे आणि कशासाठी रस्ता ओलांडतो, हे कुठल्याही मानकात लिहिलेले नसते. ते रस्त्यावरच्या माणसांनाच ठाऊक असते.

न विचारता बांधलेल्या रस्त्याने काय होते, ते मी माझ्या घरात भोगले आहे. पुण्यात येण्याआधी एका तालुक्याच्या गावी माझ्या वडिलांचे औषधाचे दुकान होते. बाजारपेठेतला मुख्य रस्ता, सततचे खड्डे. एका वर्षी काँक्रीटचा रस्ता मंजूर झाला आणि सगळ्यांनी पेढे वाटले, आमच्या अण्णांनीही. काम सुरू झाले तेव्हा अण्णा आणि शेजारचे कापडवाले काका कामावरच्या माणसाकडे गेले आणि म्हणाले, जुने डांबर न काढता वर काँक्रीट ओतताय, रस्ता उंच होईल, आमचे उंबरे खाली जातील. त्यांना उत्तर मिळाले, मंजूर नकाशा असाच आहे. रस्ता झाला. छान झाला, आजही त्याला तडा नाही. पण तो आमच्या उंबऱ्याच्या वीतभर वर गेला आणि गटाराचे तोंड त्याच्याही वर राहिले. पहिल्याच पावसात पाणी दुकानात शिरले. सलाइनच्या बाटल्यांचे खोके सर्वांत खालच्या फळीवर असायचे, ते तळातून विरघळले. त्यानंतर दर पावसाळ्यात अण्णा उंबऱ्याला फळी लावायचे, फटीत गोणपाट कोंबायचे आणि खोकी विटांवर ठेवायचे. एक वीत कमी-जास्त, एवढाच प्रश्न होता. कोणी एका संध्याकाळी तिथे उभे राहून ऐकले असते तर तो सुटला असता. अण्णा गेले तोपर्यंत ती फळी दाराशी उभी होती. ते काम कोणी केले हे लिहून आता काही साधायचे नाही. पण लाल आकडे पाहिले की मला ती फळी आठवते.

म्हणून माझी पहिली विनंती. नकाशा काढायच्या आधी या. नकाशा तयार झाल्यावर पडद्यावर दाखवायला नको, आधी. आपल्या गावांकडे पाणलोटाचे काम काढायचे तर शिवारफेरी करतात. साहेब, सरपंच, शेतकरी, बाया सगळे मिळून बांधाबांधाने चालतात. पाणी कुठून येते, कुठे मुरते, कोणाचा बांध फुटतो, हे चालता चालता लोक सांगतात आणि ते कागदावर उतरते. मग बंधाऱ्याची जागा ठरते. शहरातल्या रस्त्यासाठी अशी फेरी का नसावी? ती एकदा करून भागणार नाही. पहाटेचा रस्ता वेगळा, शाळा सुटतानाचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा आणि रात्री दहानंतरचा तर अगदीच वेगळा. क्लासवरून आणि कामावरून एकट्या परतणाऱ्या मुलींना विचारा, त्या कुठल्या बाजूने चालतात आणि कुठे पावले भराभर टाकतात. आमच्या रस्त्यावर झाडाच्या फांदीत लपलेला एक दिवा आहे. त्याच्या खालचा पट्टा टाळायला त्या पलीकडच्या बाजूला जातात आणि पुढे पुन्हा या बाजूला येतात. आणि एक फेरी भर पावसात करा. पाणी कुठे तुंबते ते त्या दिवशी कोणाला विचारावेही लागणार नाही.

दुसरी विनंती फक्कीची. मैदानावर खो-खोचे अंगण आखतो त्या फक्कीने नवा पदपथ, नवे वळण, गाड्या लावायच्या जागा रस्त्यावरच खऱ्या मापाने आखा, दोन-तीन आठवडे कुंड्या आणि बॅरिकेड ठेवून रस्ता तसा चालवून बघा. नकाशातले एकास दोनशेचे प्रमाण सामान्य माणसाला वाचता येत नाही. पण इथपर्यंत पदपथ येणार आणि बस इथे वळणार, हे पायाखाली दिसले की प्रत्येकाला मत असते आणि बहुतेक वेळा ते नेमके असते. हे काही माझ्या डोक्यातून आलेले नाही. याच शहरात 2016 मध्ये औंधच्या डीपी रस्त्यावर, पदपथ रुंद केला तर काय होईल याची अशी तात्पुरती चाचणी झाली होती. लोकांनी पसंती दिली, तक्रारीही केल्या. तक्रारी कुंड्यांच्या वेळी येणे केव्हाही चांगले. कुंडी सरकवता येते, काँक्रीट फोडावे लागते. लक्ष्मी रस्त्याचेही तसेच. 11 डिसेंबर 2021 ला पादचारी दिनानिमित्त त्याचा एक टप्पा वाहनांसाठी बंद ठेवला होता. वर्षानुवर्षे ज्या रस्त्यावर खांद्याला खांदा घासत चाललो तिथे माणसे मधोमध उभी राहून गप्पा मारत होती, लहान मुले पळत होती. तो एक दिवस पाहिल्यामुळे निदान बोलायला एक अनुभव सगळ्यांकडे आहे, बाजूच्यांकडे आणि विरोधातल्यांकडेही.

आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगते, कारण तुम्ही बैठक लावाल तेव्हा ती होणारच आहे. बैठकीला आम्ही दुकानदार सगळ्यांत आधी येऊ, पुढच्या खुर्च्यांवर बसू आणि एकच विषय काढू, पार्किंग. मीही काढला असता. दुकानासमोरची दोन स्कूटरची जागा माझीच, असे मी कित्येक वर्षे धरून चालले होते. तिथे दुसऱ्या कोणी गाडी लावली की मला राग यायचा. मग लॉकडाउननंतर एकदा सहज वहीत रेघा मारायला लागले. आलेले गिऱ्हाईक चालत आले, रिक्षाने आले, की गाडी समोर लावून आले? आठवडाभर मारल्या. चालत येणाऱ्यांच्या रेघा बाकी सगळ्यांपेक्षा इतक्या जास्त झाल्या की मी पुढचा आठवडाही मोजले. तरी तेच. आणि समोर उभ्या गाड्या बहुतेक माझ्या गिऱ्हाइकांच्या नव्हत्याच. वरच्या ऑफिसात दिवसभर काम करणाऱ्यांच्या होत्या, त्यात एक माझ्या मुलाची. बारा तास एकाच जागी उभी राहणारी ती मोटारसायकल आमचा धंदा वाढवत नव्हती, गुडघेवाल्या आजींची वाट मात्र अडवत होती. ती आता मागच्या गल्लीत लागते.

हे सांगायचे कारण असे की विचारणे म्हणजे कौल घेणे नव्हे. बैठकीत जास्त हात वर झाले म्हणून पदपथ अरुंद करू नका. सुरक्षित चालता येणे हा हात वर करून ठरवायचा विषय नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये स्पष्ट केले आहे की पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तेवढी वाट पक्की धरा आणि मग बाकी सगळे आम्हाला विचारा. टेम्पो कुठल्या वेळात माल उतरवील, तासाभराचे पार्किंग कुठे हवे, बाक कुठल्या झाडाखाली हवा, रस्ता ओलांडायची जागा शाळेच्या फाटकासमोर हवी की दहा फूट अलीकडे, जिथे मुले खरी ओलांडतात.

आणि बैठकीला जे येत नाहीत त्यांच्याकडे तुम्हाला जावे लागेल. फुलवाली मावशी संध्याकाळी सातच्या बैठकीला येणार नाहीत, त्या वेळी त्या गजरे विकत असतात. फेरीवाल्यांविषयी 2014 चा केंद्राचा कायदा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत निदान 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात आणि त्यातल्या एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे मावशींचे म्हणणे ऐकणे ही मेहेरबानी नाही. त्यांना हलवायचे की नाही, हा प्रश्न सहसा काम पूर्ण होत आले की निघतो आणि मग पोलीस, गाडी, रडारड. त्याऐवजी नकाशातच त्या कडुनिंबाला लागून पाच फुटांचा चौकोन त्यांच्यासाठी ठेवला तर चालणाऱ्याची वाट मोकळी राहील आणि सकाळी सहाला या रस्त्यावर एक जागे, ओळखीचे माणूसही असेल. कचरा निवडणाऱ्या दोघींसाठीही तसेच, सावली, एक नळ आणि धुता येईल अशी फरशी. मंडळाच्या मुलांना विचारा, मांडवाच्या खांबांसाठी दर वर्षी खड्डे खणावे लागतात ते टाळायला फरशीत कायमच्या खोबण्या ठेवता येतील का. मी एकाला विचारले तर तो म्हणाला, "ताई, आम्हाला आजवर कोणी विचारलंच नाही. ठेवल्या तर आम्ही पहार हातातच धरणार नाही." तो चेष्टा करत नव्हता. त्याने लगेच मांडवाची मापेही दिली, ती माझ्याकडे लिहून ठेवली आहेत.

जंगली महाराज रस्त्याचे नाव पुण्यात काढले की जुनी माणसे अजून अभिमानाने सांगतात. 1973 च्या पावसाळ्याने शहरातल्या रस्त्यांची दैना केली, तेव्हा स्थायी समितीचे तरुण अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीकडे हे काम सोपवले. 10 वर्षे खड्डा पडणार नाही, अशी लेखी हमी घेतली. 1976 मध्ये तो रस्ता वापरात आला आणि हमीची मुदत संपल्यावरही कित्येक वर्षे टिकला. मला त्या गोष्टीतली हमी सगळ्यांत मोलाची वाटते. काम कोणाचे, किती वर्षांचे आणि बिघडले तर कोणी दुरुस्त करायचे, हे इतके स्पष्ट होते की पन्नास वर्षांनी रिक्षावालाही सांगतो. आमच्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना मराठीत फलक लावा. ठेकेदाराचे नाव, खर्च, काम संपायची तारीख, दोषदायित्वाची मुदत, म्हणजे बिघडले तर ठेकेदाराने किती वर्षे दुरुस्त करून द्यायचे, आणि एक फोन नंबर. उकरण्याआधी पाणी, ड्रेनेज, वीज, गॅस, इंटरनेट, ज्यांना ज्यांना खाली जायचे आहे त्यांना एकदाच बोलावून तारा-नळांसाठी जमिनीखालची मोकळी नळी, म्हणजे डक्ट, टाकून घ्या, म्हणजे नव्या फरश्या सहा महिन्यांत पुन्हा उचकटाव्या लागणार नाहीत.

त्याच जंगली महाराज रस्त्याची गेल्या दशकात नव्याने रचना झाली. रुंद पदपथ, जपलेली मोठी झाडे, बाक, मुलांची खेळणी. मी नातीला घेऊन तिथे मुद्दाम जाते. झाडांना धक्का न लावता एवढे करता येते, हे तिथे दिसले. पण रुंद पदपथ मिळाला की दुचाक्या वर चढतात, हेही तिथेच दिसले. म्हणून म्हणते, फीत कापल्यानंतर वर्षभर दर तीन महिन्यांनी पुन्हा एक फेरी हवी. काय चालले, काय फसले ते पाहायला, आणि थोडे पैसे त्या दुरुस्त्यांसाठी आधीच बाजूला काढून ठेवायला हवेत.

लोकांना विचारण्याच्या वाटा पुण्यात अजिबात नाहीत असे नाही. नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक 2006 पासून आहे. अर्ज भरून आपण आपल्या भागातली कामे सुचवू शकतो. मीही भरले आहेत. पण त्या अर्जावर 'काय हवे' एवढेच लिहिता येते, पदपथ, दिवा, बाक. 'कसे हवे' याला त्यात जागा नाही आणि रस्त्याचे बरे-वाईट सगळे 'कसे'मध्येच ठरते. मार्च 2022 नंतर जवळजवळ चार वर्षे महापालिकेत आम्ही निवडून दिलेले कोणीच नव्हते. कोणाचे दार वाजवायचे तेच कळत नव्हते. आता तुम्ही आहात. आमच्या सूचना घ्याल तेव्हा त्या वहीत मिटून जाऊ देऊ नका. एक साधा कागद काढा. ही सूचना घेतली, ही घेतली नाही आणि ती या कारणाने घेतली नाही. माझी सूचना नाकारली तरी चालेल. कारण लिहिलेले असेल तर मी ते दुकानाच्या काचेवर स्वतः चिकटवीन आणि विचारणाऱ्याला समजावून सांगेन. अण्णांना कोणी कारण सांगितले असते तर तेही ऐकून घेणारे गृहस्थ होते.

पावसाने लाल आकडे आता पुसट व्हायला लागले आहेत. ते नव्याने रंगवायच्या आधी या. शक्यतो पहाटेच या, दुधाचा टेम्पो असेल तेव्हा. कठड्यावर चढून दाखवायला दोन-तीन आजी-आजोबा तयार आहेत, शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंशी बोलले आहे, मंडळाच्या मुलांनी फक्कीची दोन पोती आणून ठेवायचे कबूल केले आहे. दुकान साडेआठला उघडते, त्याआधी आलात तर शेजारच्या डेअरीत सांगा, मी लगेच खाली येते.

आपली,
एक औषधविक्रेती, पुणे